अर्धा रोज

वसईत स्टेशनकडे जाताना आमचा मजूर नाका लागतो. सकाळी सातपासून तिथं माणसं उभी असतात. कोणाच्या हातात थापी, कोणाच्या खांद्याला पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी पहार. रंगारी असेल तर हातात नुसता ब्रश. तो ब्रश हीच त्याची पाटी. एखादी स्कूटर थांबली की पाच-सहा जण घेरतात, दोन मिनिटं घासाघीस होते, एक जण मागं बसून जातो आणि बाकीचे आपापल्या जागी परततात. दहापर्यंत नाका विरळ होतो. अकरानंतर जे उरतात त्यांच्याकडे कोणी बघत नाही, पण तेही लगेच घरी जात नाहीत.

२०२३ च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, मी तिथून एकाला आणलं. घरामागचं गटार उपसायचं होतं आणि वाडीतल्या मोडलेल्या केळी काढायच्या होत्या. रोज ठरला आठशे. माणूस झपाट्याचा निघाला. मी संध्याकाळपर्यंतचं धरलेलं काम त्यानं दुपारी एकलाच उरकलं. मी पाचशे रुपये हातावर ठेवले. अर्धा दिवस झाला, हिशेबानं चारशे होतात, वर शंभर जास्तच देतोय, अशी माझी समजूत. तो म्हणाला, "दिवस तर मोडला की माझा, साहेब. आता एक वाजता मला कोण नेणार?" मी त्याला अर्धा रोज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. नळावर पाय धुतले, पहार पिशवीत घातली आणि गेला.

त्याच रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, माझे डोळे उघडले, असं लिहिता आलं असतं तर गोष्ट छान जमली असती. तसं काही झालं नाही. मी तो प्रसंग विसरूनही गेलो. डोळ्यांपुढे तो परत आला २४ सप्टेंबरला. कॅथलिक उपासनेत रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, आणि त्या रविवारी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला होता. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो, मजूर ठरवतो, रोज एक दिनार. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. शेवटी संध्याकाळी पाचला जातो तरी काही जण उभेच. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं तो विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. तो त्यांनाही पाठवतो, आणि दिवस मावळल्यावर सगळ्यांना सारखाच, पुरा एक दिनार देतो. पहाटे आलेले कुरकुरतात.

प्रवचन चांगलं झालं. देवाच्या दयेला उशीर नसतो, आयुष्याच्या संध्याकाळी परतलेल्यालाही स्वर्गात तितकीच जागा असते, असा अर्थ फादरांनी उलगडून सांगितला. हा अर्थ जुना आहे, खरा आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. फक्त त्या पंधरा मिनिटांत द्राक्षमळ्याचा स्वर्ग झाला, दिनाराचं तारण झालं आणि नाका पार नाहीसा झाला. येशूनं दाखला सांगितला तेव्हा ऐकणाऱ्यांमध्ये असे मजूर बसलेले असणार. एक दिनार म्हणजे घरच्यांचं एका दिवसाचं पोट, हे त्यांना कोणी फोडून सांगायची गरज नव्हती. पाच वाजता आलेल्याला दिनाराचा बारावा हिस्सा दिला असता तर हिशेब बरोबर आला असता आणि घरातली पोरं उपाशी झोपली असती. मळ्याचा धनी तास मोजत नाही, तो घर मोजतो. मी तास मोजले होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ मांडतो. ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात उतरवायची म्हणजे काय, या प्रश्नाला आपण मराठी ख्रिस्ती माणसं फार चटकन 'सेवा' असं उत्तर देतो, आणि सेवा म्हटलं की डोळ्यांपुढे संस्था येते: शाळा, दवाखाना, अनाथाश्रम, नाताळातलं धान्यवाटप. या सगळ्याची थोरवी मी जाणतो. पण त्याआधी एक साधी गोष्ट येते, ती म्हणजे आपण ज्यांच्या कष्टावर जगतो त्यांचा मोबदला. श्रद्धेची पहिली कृती दान नसून देणं आहे. 'देणगी' आणि 'देणं' हे शब्द सख्खे भाऊ असले तरी त्यांचं आपसांत पटत नाही. देणगी देणारा मोठा होतो. देणं फेडणारा फक्त मोकळा होतो.

हे माझ्या मनचं नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी दे, तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, असं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. याकोबाचं पत्र तर श्रीमंतांवर उखडतं: तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. हेच ते पत्र, ज्यातलं 'क्रियांवाचून विश्वास निर्जीव' हे वचन आपण फलकांवर रंगवतो. फलक रंगवताना मजुरीचा अध्याय मात्र कोणी निवडत नाही. कॅथलिक धर्मशिकवणीच्या अधिकृत ग्रंथात स्वर्गापर्यंत आक्रोश करणारी म्हणून जी मोजकी पापं सांगितली आहेत, त्यांत मजुरावर होणारा अन्याय आहे, सख्ख्या भावानं खून केलेल्या हाबेलच्या रक्ताच्या रांगेत. पापनिवेदनाआधी मनाची तपासणी करायला जी छोटी कार्डं मिळतात ती मी लहानपणापासून वाचत आलोय. मिस्सा चुकवली का, रागावलो का, खोटं बोललो का, मनात वाईट विचार आले का. माझ्या हाती आलेल्या एकाही कार्डावर 'कोणाचे पैसे कापले का?' हा प्रश्न मी पाहिलेला नाही.

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर जे परिपत्रक काढलं, त्यातला एक मुद्दा आजही नाक्यावर लावून पाहावा असा आहे. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीनं रक्कम ठरवली एवढ्यावर ती न्याय्य ठरत नाही. काटकसरीनं राहणाऱ्या मजुराचं पोट भरत नसेल, नाइलाजानं त्यानं मान तुकवली असेल, तर तो त्याच्यावर झालेला अन्यायच आहे. 'ठरलं होतं तेवढं दिलं' हे आपलं आवडतं वाक्य. माझ्या बाबतीत तर ठरलं होतं तेवढंही दिलं नव्हतं.

योगायोग असा की त्याच्या एकच वर्ष आधी, १८९० मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली, आणि ती रविवारची. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंड्यांनी. माणूस जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचा. कामगारानं आठवड्यातले सहा दिवस राबल्यावर एक दिवस स्वतःसाठी आणि आपल्या समाजासाठी मिळावा, हे त्यांचं म्हणणं. रविवार हा खंडोबाचाही वार. शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाची, आज्ञा ज्यांच्या दहा आज्ञांत आहे ते गोरे साहेब दर रविवारी चर्चच्या बाकांवर बसतच होते. तरी पवित्र दिवस गिरणीपर्यंत पोचवायला एक सत्यशोधक लागला. हे मी कोणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडासा टोमणा आहेच. कारण आजही रविवारी सकाळी आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून मिस्सेला जातो तेव्हा आमच्या कित्येक घरांत बाई भांडी घासत असते. आम्ही प्रभूच्या मेजावर, ती आमच्या खरकट्यावर.

धुणंभांड्याच्या बाईचा हिशेब नाक्याहूनही बारीक असतो. महिन्याला दोन सुट्ट्या मान्य, तिसरा खाडा झाला की पैसे कापायचे. कॅलेंडरवर पेनानं फुल्या मारलेल्या असतात. आमच्या घरी त्या फुल्या वर्षानुवर्षं लाल पेनानं मारल्या जात, आणि त्याच कॅलेंडरवर संतांचे सणही लाल अक्षरांत छापलेले असत. आम्ही महिनाभर गावाला गेलो की तिचा पगार बंद. सुट्टी आमची, खाडा तिचा. कोणी निष्ठुर म्हणून हे करत नाही. नाताळला केक आणि करंज्यांचा डबा, तिच्या मुलीला वह्या, आजारपणात हजार-दोन हजारांची उचल, सगळं प्रेमानं होतं. पण उचल पगारातून वळती होते आणि करंज्या होत नाहीत, म्हणून लक्षात करंज्या राहतात. २००८ साली महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्या किती घरांनी आपल्या बाईला नोंदणीसाठी एक दिवसाची भरपगारी सुट्टी दिली, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या, प्रेषितकार्यावर एक हुकूमनामा काढला. त्यात एका ओळीत हा सगळा घोळ सोडवलेला आहे: न्यायानं जे द्यायला हवं ते प्रेमाची भेट म्हणून देऊ नये. करंज्यांच्या डब्यावर ही ओळ चिकटवायला हवी.

आता आक्षेप. पहिला आक्षेप माझ्या घरातूनच आला: असे रेट वाढवत बसलो तर शेजारपाजारचे काय म्हणतील? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या गल्लीत एका घरानं बाईचा पगार वाढवला तेव्हा बाकीच्यांनी 'तुम्ही रेट बिघडवता' असं तोंडावर ऐकवलं होतं. दाखल्यातले पहाटेचे मजूर कुरकुरले ते याच सुरात. फरक एवढाच की तिथं कुरकुरणारे स्वतः उन्हात राबलेले होते.

दुसरा आक्षेप म्हणजे आम्ही कुठले धनी, आम्हीच नोकरदार, आमचाच पगार हप्त्यांत जातो. यात तथ्य आहे. घराचा हप्ता, मुलांची फी आणि म्हाताऱ्यांची औषधं भरणाऱ्याला द्राक्षमळ्याचा धनी म्हणणं जरा जास्तच होईल. पण याच घरांत लग्नाच्या मांडवाला, बँडला आणि जेवणावळीला किती जातात, हे वसईच्या माणसाला मी सांगायला नको. हात आखडतो तो नेमका सगळ्यात लहान बिलापाशी. मंडपवाल्याशी घासाघीस करायची आपली छाती होत नाही. ताटं उचलणाऱ्या पोराशी होते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मजुरी, कायदा, कामगार हे राजकारण झालं, चर्चनं त्यात पडू नये. हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले तेव्हाही धर्मगुरूचं हे काम आहे का, असं विचारलं गेलंच. २०२४ मध्ये गेलेल्या त्या माणसाचं स्मरण आज आपण कोणत्या कामासाठी करतो? त्याही आधी, १९१८ मध्ये, वसईच्या कॅथलिकांनी स्वतःची सहकारी पतपेढी काढली. तिचीच पुढं मोठी बँक झाली. केळी आणि पानं पिकवणारा आमचा पणजोबा कर्जाच्या ओझ्याखाली होता, आणि व्याजाचा दर हा धर्माचा विषय आहे असं तेव्हाच्या माणसांना वाटलं. रोजाचा दर आपल्याला तसा वाटत नाही याचं कारण तत्त्वज्ञानात शोधायला नको. तेव्हा आपण देणेकरी होतो, आता आपण कामाला लावणारे झालो.

चर्चच्या संस्थांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. आपल्या आवारात झाडू मारणारी माणसं ठेकेदाराची आहेत की आपली? ठेकेदाराला आपण महिन्याचे किती देतो हे समितीला ठाऊक असतं. त्यातले झाडूवालीच्या हातावर किती पडतात, हे कोणी तिला विचारलं आहे का? एका ठिकाणी मी हा प्रश्न काढला होता. विषय महत्त्वाचा आहे, पुढच्या बैठकीत घेऊ, असं उत्तर मिळालं. पुढच्या बैठकीत सणाच्या रोषणाईचा विषय होता.

आणखी एक गोष्ट, जी हल्लीच्या दिवसांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती माणसानं कोणाला धान्य दिलं, फी भरली, औषध दिलं की धर्मांतराचं 'आमिष' हा शब्द कुठून तरी येतोच. बहुतेक वेळा तो अन्यायानं येतो. पण तो का चिकटतो, याचाही विचार करायला हवा. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन हे विधवांचं शिक्षणगृह काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला नेलं, आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून गदारोळ झाला. सल्लागार मंडळातली नामवंत मंडळी बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचं किती बरोबर, हे आज इथं ठरवत बसत नाही. मला त्यापुढचं त्यांचं केडगावचं काम जास्त बोलकं वाटतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुली घेऊन आल्या, आणि तिथल्या मुक्तिसदनात त्यांना नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत. छापखाना, विणकाम, शेती, दूधदुभतं: बाईमाणसाच्या हाताला काम, आणि त्या कामावर उभं राहण्याची ताकद. रमाबाईंची धर्मनिष्ठा लपलेली नव्हती, त्यांनी ती कधी लपवलीही नाही. तरी ज्या मुलीच्या हातात टाइप जुळवण्याचं कसब आलं ती कोणाच्या उपकारावर किती दिवस राहणार?

उपकाराला दोर असतो, म्हणून तो आमिष वाटू शकतो. घेणारा मिंधा होतो. देणाऱ्याची इच्छा असो नसो, होतो. पुऱ्या मजुरीला दोर नसतो. नाक्यावरच्या माणसाला ठरलेले आठशे दिले म्हणून त्यानं माझा धर्म चांगला म्हणावा अशी अपेक्षा करणं हास्यास्पद आहे, आणि मी त्याला भुलवलं असा आरोप करणं त्याहून हास्यास्पद. रस्त्यावर पत्रकं वाटताना अडवता येतं, घरगुती प्रार्थनासभेवर तक्रार करता येते. कामाचे पैसे वेळेवर आणि पुरते दिले म्हणून कोणाला पोलीस चौकीत बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही. या देशात अल्पसंख्य म्हणून जगताना ज्याच्यावर कोणालाच बोट ठेवता येणार नाही असं साक्षीचं काम उपलब्ध आहे, आणि ते आपण लाल पेनच्या फुल्यांत घालवतो.

हे लिहिताना बायबलमधल्या जक्कयची आठवण टाळता येत नाही. यरीहोचा तो ठेंगणा जकातदार, झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी आला तेव्हा तो भजन म्हणत बसला नाही, आकड्यांत बोलला: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. तारण या घरी आलं आहे, हे येशू म्हणतो ते या हिशेबानंतर. माझ्याकडे त्या माणसाचे तीनशे राहिले होते. चौपट म्हणजे बाराशे. रक्कम काही मोठी नव्हती.

पण द्यायचे कोणाला? त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. चेहराही नीट आठवत नव्हता. पाय धुताना वाकलेली पाठ तेवढी आठवत होती. ऑक्टोबरात दोन-तीन सकाळी मी नाक्यावर जाऊन उभा राहिलो. माणसं घेरायची, काय काम आहे विचारायची, मी कोणाला तरी शोधतोय म्हटलं की पांगायची. एकानं विचारलं, कुठल्या गावचा? मला ते ठाऊक नव्हतं. बोलण्यावरून जालना-परभणीकडचा असावा, एवढं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अर्धा नाका तिकडचाच आहे, काका."

शेवटच्या दिवशी साडेदहा वाजत आले होते. पत्र्याच्या शेडवर ताडपत्री बांधायचं दोन-तीन तासांचं काम घरी होतंच. उरलेल्यांपैकी एकाला म्हटलं, चल. त्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाफ डे धरणार का?"

"नाही. पुरा रोज."

त्यानं मला नीट न्याहाळलं. कुठं तरी फसवाफसवी आहे, असं त्याला वाटत असावं.

"मग काम काय काय आहे ते इथंच सांगा," तो म्हणाला. "आणि चहा तुमच्याकडे."